गाडी मिळायला वेळ का लागतो, आणि त्यातला किती वेळ तुम्ही वाचवू शकता

गॅरेजमध्ये दिवसभर एकच प्रश्न कानावर येतो: "भाऊ, कधी होईन गाडी?" प्रश्न रास्त आहे. पण गाडीखालच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाने वर मान करून घाईघाईत दिलेलं उत्तर कोणालाच पटत नाही, म्हणून ते सावकाश लिहून काढलं आहे. गाडी सोडायला आलात की हा कागद घेऊन जा. सगळं वाचायला वेळ नसेल तर वाढीव कामाला होकार देण्याबद्दल लिहिलं आहे तेवढं तरी वाचा. तिथला वेळ पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आधी माणसांचं सांगतो. आमच्याकडे इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडून परत बसवू शकतील असे दोनच जण आहेत, मी आणि आमचा थोरला मिस्त्री. बाकी पोरं ऑइल-फिल्टर, चाकं, ग्रीसिंग, ब्रेक साफ करणं ही कामं चांगली करतात, पण मोठ्या कामाला त्यांना अजून एकटं सोडत नाही. वायरिंगवाला आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच येतो, कारण तोच माणूस आसपासच्या दोन-तीन गावांतली गॅरेजं सांभाळतो. डेंटिंग-पेंटिंगचीही तीच गत आहे.

जुने ग्राहक म्हणतात, पूर्वी तुमच्याकडे पोट्ट्यांची फौज असायची. खरं आहे. तेव्हा बारा-तेरा वर्षांचं पोरगं बाप आणून सोडायचा, "हाताले काही काम लागू द्या" म्हणायचा. आता १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि आम्ही स्वतःहून १८ च्या आतला मुलगा जॅकवर चढवलेल्या गाडीजवळ फिरकू देत नाही. ही फौज गेली ते बरंच झालं. त्या मुलांनी शाळेतच असायला पाहिजे होतं.

मग आयटीआय झालेली मुलं? मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. तो पुरा करून पोरगा निघाला की चाकण, रांजणगाव, वाळूज, नाहीतर आपलं बुटीबोरी गाठतो. ठरलेल्या तारखेला पगार, पीएफ, कँटीन, न्यायला-आणायला कंपनीची बस. हे सोडून त्याने मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याखाली गरम सायलेन्सरशी झटावं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? इथे टिकतो तो हात बसला की फाट्यावर स्वतःचं टू-व्हीलरचं दुकान टाकतो. त्याचंही काही चुकत नाही. पण ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम डोळे मिटून ज्याच्यावर सोपवावं असा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तयार झाला की तो जातो. माणसं टिकावीत म्हणून आम्ही मजुरी थोडी वाढवली आणि आठवडी सुट्टी पक्की केली. बिलात आणि वेळेत हा फरक दिसतो, तो यामुळे.

त्यातच काम अवघड झालं. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या आहेत. पिकअप असो की घरची कार, सेन्सर वाढले, बहुतेक डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. लोकांना वाटतं, स्कॅनर लावला की गाडी स्वतः सांगते काय बिघडलं. स्कॅनर फक्त कोड दाखवतो. कोड म्हणतो अमुक सेन्सरचा सिग्नल येत नाही. तो सेन्सर मेला, त्याचा प्लग ढिला झाला, की गोठ्याशेजारी उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली, हे माणसालाच शोधावं लागतं. आपल्या भागात तिसरं कारण पुष्कळदा निघतं. बॉनेटच्या आत हात जात नाही अशा कोपऱ्यात दोन बोटं तुटलेली वायर शोधायला कधी अर्धा दिवस जातो, आणि जोडायला दहा मिनिटं. सेन्सर बदलून पाहू म्हणणं सोपं आहे, पण त्याचे पैसे तुमच्या खिशातून जातात. आम्ही आधी वायर शोधतो.

मागून आलेली गाडी आधी कशी गेली?

यावरून नाराजी होते, म्हणून सांगून टाकतो. सर्व्हिसिंगची गाडी पोरं करतात, गिअरबॉक्सची गाडी मिस्त्री करतो. तुमची गाडी मिस्त्रीच्या रांगेत उभी असताना चार गाड्या ऑइल बदलून निघून गेल्या, तरी तुमचा नंबर कोणी घेतलेला नाही. दोन्ही रांगा वेगळ्या आहेत. शाळेची गाडी, दवाखान्याची गाडी आणि पेशंट घेऊन चाललेली गाडी तेवढी आम्ही आधी घेतो. त्याबद्दल कोणी बोललं तरी ऐकून घेतो.

आता होकाराचं

गाड्या सर्वांत जास्त कशामुळे अडकतात? माणसं कमी आहेतच, पार्ट लांबून येतात हेही आहेच. पण रोज डोळ्यांसमोर दिसणारं कारण वेगळं आहे. गाडी उघडून पडलेली असते आणि पुढचं काम करायला "हो" म्हणणारा माणूस सापडत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. संत्र्याच्या हंगामातली पिकअप. तक्रार अशी की चढावर इंजिन ओरडते, गाडी ओढत नाही. क्लच प्लेट टाका म्हणून सांगून मालक शेतात गेला. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. प्लेट घासलेली आहेच, पण फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर दाबून बसते त्या चाकावर, निळे डाग पडले आहेत, म्हणजे ते तापलं आहे, खराद्याकडे फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला द्यावं लागेल. रिलीज बेअरिंग हातात फिरवलं तर खरखर करतं. आणि क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपून प्लेटवर आलं आहे. सील तसंच ठेवून नवी प्लेट घातली, तर नव्या प्लेटवर पुन्हा ऑइल येणार, पुन्हा गाडी घसरणार, पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची तीच मजुरी तुमच्या माथी. म्हणून सगळं आताच करायला हवं. पण सांगितलेलं काम प्लेटचं होतं. विचारल्याशिवाय वाढवायचं नाही, हा आमचा नियम.

फोन लावतो. शेतात रेंज नाही. किंवा मोटरपंपाची लाइन रात्रीची असते, माणूस रातभर ओलीत करून दुपारी झोपलेला असतो. यात त्याचा दोष नाही. गाडी आणून सोडणारा भाऊ म्हणतो, "दादाले विचारून सांगतो." दादा संध्याकाळी उचलतो, म्हणतो घरी बोलतो. रात्री साडेनऊला होकार येतो. तोवर नागपूर-अमरावतीची स्पेअरची दुकानं बंद. दुसरा दिवस रविवार असेल तर सोमवारी ऑर्डर आणि संध्याकाळच्या बसने पार्सल. हाच होकार दुपारी बाराच्या आत आला असता, तर सामान त्याच संध्याकाळी इथे असतं.

हे झालं पार्टचं. त्याहून मोठं नुकसान खड्ड्याचं होतं. गिअरबॉक्स उतरवलेली गाडी ढकलून बाजूला करता येत नाही, ती खड्डा अडवून बसते. मिस्त्री रिकामा कसा बसेल? तो दुसऱ्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडतो. मग तुमचा होकार आला, तरी उघडलेलं हेड अर्ध्यात सोडून तो येऊ शकत नाही; हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, मोजून कसावे लागतात, आणि ते काम एका हाताने एका बैठकीत झालेलंच बरं. म्हणजे तुमची गाडी पुन्हा रांगेच्या शेवटी गेली, आणि मागे दोन गाड्या तुमच्यामुळे थांबल्या. मिस्त्री दहा असते तर हे खपून गेलं असतं. दोन आहेत, म्हणून एका फोनचे तीन दिवस होतात.

उपाय साधा आहे. आमच्या जॉब कार्डवर दोन रकाने आहेत. पहिल्यात अशा माणसाचं नाव आणि नंबर लिहा, ज्याचा शब्द शेवटचा. चालकाचा नको, पुतण्याचा नको. तुम्ही रेंजमध्ये नसाल तर घरधनीणीचा द्या, मुलीचा द्या, पण तिला अधिकार देऊन ठेवा. दुसऱ्यात रक्कम लिहा: सांगितलेल्या कामाशिवाय इतक्या रुपयांपर्यंत निघालं तर न विचारता करा. त्याच्या वर गेलं तरच फोन. हा रकाना भरून देणाऱ्यांच्या गाड्या इथून लवकर जातात, हे आमच्याकडे नेहमी येणारे पिकअपवाले तुम्हाला सांगतील.

रक्कम लिहायला लोक कचरतात, तेही कळतं. वाटतं, हजार लिहिले तर हजाराचं काम काढतील. म्हणून आमची पद्धत अशी आहे की काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून तुमच्या सीटखाली ठेवतो. उघडल्यावर दिसलेल्या दोषाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो. पार्टचं बिल दुकानाचं असतं, ते जसंच्या तसं जोडतो, त्यात आमची मजुरी मिसळत नाही. जुनं बेअरिंग घरी नेऊन स्वतः फिरवून पाहा, दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा. आम्हाला राग नाही.

आणि एक विनंती. "झाली काय?" म्हणून दर तासाला फोन नका करू. फोन घ्यायला जो हात धुतो, तो तुमच्याच गाडीवर असतो. संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान प्रत्येक उघड्या गाडीचा मेसेज आम्ही स्वतःहून पाठवतो.

येण्याआधी

एक मेसेज टाका. त्यात आरसी बुकाचा फोटो असू द्या, कारण पार्ट चेसिस नंबरवरून मागवावा लागतो. एकाच गाडीच्या दोन सालांत वेगळा पार्ट असतो आणि चुकीचा आला की आणखी एक फेरी वाढते. आणि रोगाचं नाव न सांगता लक्षण सांगा. "पंप गेला" यापेक्षा "सकाळी थंडी असताना लवकर सुरू होत नाही, एकदा झाली की दिवसभर ठीक" हे आमच्या जास्त कामाचं आहे. आवाज येत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. गॅरेजमध्ये आल्यावर गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते, हा सगळ्यांचाच अनुभव.

उन्हाळ्यात काटा लाल खुणेकडे गेला की गाडी तिथेच बंद करा, अर्ध्या किलोमीटरवर गाव दिसत असलं तरी. होज पाइप फुटला असेल तर काम तासाभराचं. तशीच रेटली तर गॅस्केट जाते, हेड वाकतं, ते फेसिंगला बाहेर पाठवावं लागतं आणि तासाचा आठवडा होतो. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. बोअरचं पाणी नेहमी टाकू नका, आपल्याकडचं पाणी जड आहे, आत क्षार धरतो. कूलंट आमच्याकडे मिळतं, आणि एक बाटली गाडीत ठेवायला हरकत नाही.

बाहेरून घेतलेला पार्ट आम्ही बसवून देऊ, पण त्याच्या मजुरीची हमी देता येणार नाही.

कधी यावं

आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी, कापसाची वाहतूक, मृगाची संत्री आणि मग लग्नसराई, एवढ्या दिवसांत इथे गाडी लावायला जागा नसते. लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाडाची गाडी घेऊन येणाऱ्याला नाही म्हणताना आम्हालाही वाईट वाटतं, पण हो म्हणून ब्रेक अर्धवट करून देण्यापेक्षा ते बरं. पेरणी आटोपल्यापासून पोळ्यापर्यंत मात्र गर्दी कमी असते. टायमिंग बेल्ट, क्लच, सस्पेन्शन अशी सांगून येणारी मोठी कामं तेव्हा करून घ्या. या काळात मजुरीवर दहा टक्के सूट आहे, आणि ठरवून दिलेल्या दिवशी खड्डा तुमच्या नावाने रिकामा ठेवतो.

गॅरेज सकाळी नऊला उघडतं, सातला बंद होतं. सातनंतर ब्रेक, स्टिअरिंग आणि हेडचं काम आम्ही करत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. दिवसभर राबलेल्या हाताने कसलेला बोल्ट तुमच्या लेकराबाळांना घेऊन घाटातून जाणार असतो. रस्त्यात गाडी बंद पडली तर रात्रीही फोन करा, सुरक्षित जागी ओढून आणायची सोय करून देतो. काम सकाळी.

गावात कोणी आयटीआयचा ट्रेड पुरा केलेला मुलगा किंवा मुलगी घरी बसून असेल, तर आमच्याकडे पाठवा. शिकण्याच्या काळातही पगार मिळेल, स्कॅनरचं काम पहिल्या वर्षापासून हातात देऊ, आणि पुढे स्वतःचं दुकान टाकायचं झालं तर हत्यारं घ्यायला मदत करू.