नाइटिंगेल वेगळा, डेझी वेगळा

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. बी विंगमधल्या सिस्टर, हातात गुच्छ, दुसऱ्या हातात फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. खाली एका काकांनी लिहिलेलं, ‘आपल्या सोसायटीची शान! नाइटिंगेल पुरस्कार!’ मग तासभर नुसता टाळ्यांचा पाऊस. दोन दिवसांनी त्या लिफ्टमध्ये भेटल्या. अभिनंदन केलं तर हसायलाच लागल्या. ‘अहो, नर्सेस डेला हॉस्पिटलने सत्कार केला तो. नाइटिंगेल मिळाला असता तर दिल्लीला नसते का गेले?’

मी ओशाळले, पण माझाही घोळ त्याच जातीचा होता. फेब्रुवारीत आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात. तिथल्या रात्रपाळीच्या एका सिस्टरचं नाव ‘त्या पुरस्कारासाठी’ द्यायचं असं मी घरी जाहीर करून बसले होते. भावाने विचारलं, ‘कुठल्या पुरस्कारासाठी?’ अमेरिकेतल्या मामेबहिणीने एकदा सांगितलं होतं की तिकडे ‘डेझी’ नावाच्या पुरस्कारासाठी पेशंटच नर्सचं नाव सुचवतात. ते आणि आपलं राष्ट्रपती भवनातलं, हे माझ्या डोक्यात एकच होऊन बसलं होतं.

आपल्याकडचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९७३ साली सुरू केला. प्रमाणपत्र, पदक आणि एक लाख रुपये असं त्याचं स्वरूप आहे आणि तो राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो. केंद्र आणि राज्य सरकारांच्या, केंद्रशासित प्रदेशांच्या, तसंच स्वयंसेवी संस्थांच्या सेवेतल्या नर्सेससाठी तो आहे. आणि नर्स म्हणजे फक्त वॉर्डातली सिस्टर नव्हे. उपकेंद्रावर गावोगाव फिरून लसीकरण करणाऱ्या एएनएम आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या एलएचव्ही यांचाही त्यात मान असतो. नाव वर जातं ते सरकारी वाटेने. बघितली जाते ती सगळी सेवा: किती वर्षं, कुठे कुठे, कोणत्या परिस्थितीत, काय काम उभं केलं. २०२४ आणि २०२५ साली देशभरातून दरवर्षी पंधरा जणांना तो मिळाला. अख्ख्या देशात पंधरा! ठाण्याचं सिव्हिल, कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय, वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, एवढ्यांतच किती अधिपरिचारिका असतील याचा नुसता अंदाज करा.

तारीख १२ मे, आधुनिक शुश्रूषेचा पाया घालणाऱ्या नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस आणि नर्सेस डे, म्हणून सगळं मे महिन्याशी जोडलेलं. प्रत्यक्षात सोहळा राष्ट्रपती भवनाच्या सवडीने होतो. २०२४ साली ११ सप्टेंबरला झाला, २०२५ साली ३० मे रोजी. म्हणजे १२ मेच्या संध्याकाळी ग्रुपवर ‘नाइटिंगेल मिळाला’ असा फोटो आला, तर आधी प्रमाणपत्रावर सही कोणाची आहे ते बघावं.

या पुरस्काराचं नाव निघालं की मला केरळच्या लिनी आठवतात. २०१८ च्या मे महिन्यात निपाहच्या रुग्णाची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात त्या नर्स होत्या. २०१९ साली त्यांना हाच राष्ट्रीय पुरस्कार मरणोत्तर दिला गेला.

आता आणखी एक गुंता. ‘फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक’ म्हणून तिसरंच एक प्रकरण आहे, आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचं. ते पहिल्यांदा १९२० साली दिलं गेलं. युद्धात किंवा आपत्तीत जिवावर उदार होऊन शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ते आहे. दर दोन वर्षांनी, जगभरात मिळून जास्तीत जास्त पन्नास. बातम्यांत ‘पदक’ आणि ‘पुरस्कार’ यांची सर्रास अदलाबदल होते. आपल्या विषयाला ते लागत नाही, म्हणून बाजूला ठेवते.

डेझीची गोष्ट मात्र घरातली वाटावी अशी आहे. पॅट्रिक बार्न्स नावाचा तेहतीस वर्षांचा अमेरिकन तरुण १९९९ साली गेला. त्याला आयटीपी झाला होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट्सवर उलटते. आठ आठवडे घरचे हॉस्पिटलात बसून होते. त्याच्या तोंडाला चव नव्हती, जेवण जात नव्हतं. एके दिवशी वडिलांनी स्वतःसाठी दालचिनीचा रोल आणला, तेव्हा त्याने त्यातला थोडा मागून खाल्ला. आणि दुसऱ्या दिवशी येताना वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसपुरते रोल घेऊन या, असं सांगितलं. हे वाचताना मला आपल्याकडचे डिस्चार्जच्या दिवशीचे पेढे आठवले. आम्हीसुद्धा प्रशांत कॉर्नरचा एक किलोचा बॉक्स काउंटरवर ठेवला होता. तो दिवसपाळीनेच संपवला असणार, आमची सिस्टर तर रात्रीची.

तो गेल्यावर घरच्यांच्या लक्षात काय राहिलं, तर नर्सेस त्याच्याशी आणि त्यांच्याशी कशा वागल्या ते. औषधोपचारात त्या तरबेज असणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. त्या मायेची मात्र त्यांनी अपेक्षा केली नव्हती. त्यातून त्यांनी ‘डेझी’ नावाची संस्था काढली. डेझी हे फूल खरं, पण इथे ती प्रतिकारशक्तीवर हल्ला करणाऱ्या आजारांसाठीच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. आज जगभरातली हजारो रुग्णालयं हा पुरस्कार आपापल्या नर्सेसना देतात. त्यात रोख रक्कम मध्यवर्ती नाही. प्रमाणपत्र असतं, बिल्ला असतो, झिम्बाब्वेच्या शोना कारागिरांनी हाताने घडवलेलं एक दगडी शिल्प असतं आणि सगळ्या वॉर्डाला, अर्थातच, दालचिनीचे रोल.

मला या दोन्हींतला खरा फरक कागदाच्या पहिल्या ओळीत दिसतो. नाइटिंगेलचा कागद नर्सपासून सुरू होतो: नाव, नोंदणी क्रमांक, सेवेची वर्षं. डेझीचा कागद प्रसंगापासून सुरू होतो. पेशंट, नातेवाईक किंवा सहकारी कोणीही तो भरू शकतं, आणि त्यात एकच गोष्ट मागितलेली असते: काय झालं ते सांगा. निवड समितीपुढे ती गोष्ट जाताना नर्सचं नाव आणि वॉर्ड झाकायचा असतो, म्हणजे ‘आपली ती’ म्हणून कोणी मत देऊ नये. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. तीस वर्षांची सेवा आणि तीन वर्षांची सेवा तिथे एकाच पायरीवर येतात. फ्रेशर मुलीलासुद्धा तो मिळू शकतो, एका रात्रीसाठी. आणि ज्या रात्रीबद्दल तो असतो, त्या रात्री इनचार्ज सिस्टर घरी असतात. साक्षीला फक्त पेशंट आणि बाजूच्या बाकावर पेंगणारं माणूस.

म्हणूनच डेझीच्या कागदावर ‘सिस्टर खूप प्रेमळ आहेत, सगळ्यांशी हसून बोलतात’ असं लिहून भागत नाही. तेवढं वाचून समितीने काय ठरवायचं? मीही पहिल्यांदा असंच लिहिलं होतं. मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बांगड्यांचं कुठंय यात?’

बांगड्यांचं असं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सलाईन लावायची होती. आईच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, मनगटाला घट्ट बसलेल्या, निघेनात. बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी ती त्या घालते, हा तिचा आणि आमच्या आत्याचा जुना वाद. रात्रपाळीच्या सिस्टरच्या आधी ड्यूटीवर असलेली म्हणाली होती, फोडाव्या लागतील. आई गप्प. या सिस्टरने बांगड्यांकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि विचारलं काहीच नाही. गॉज बँडेजची पट्टी घेऊन बांगड्या होत्या तिथेच गुंडाळून टाकल्या आणि व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनची सुई, दुसऱ्या हाताला लावलं. ‘उद्या ऑपरेशन थिएटरात घेताना तिथल्या लोकांना मी सांगते,’ म्हणाली. आणि सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी आई परत आली तेव्हा पट्टी तशीच होती. चिकटपट्टीवर पेनने लिहिलेलं, ‘फोडू नये’.

नाइटिंगेलच्या अर्जात ही पट्टी कुठल्या रकान्यात बसेल? बसणार नाही, आणि बसावी असं माझं म्हणणंही नाही. ज्या एएनएमने एखाद्या पाड्यावर वीस वर्षं बाळंतपणं केली, तिचा हिशेब वेगळ्या वहीतच हवा. उलट, डेझीसाठी कोणी सेवापुस्तिका जोडून पाठवली तर तीही वायाच.

बरं, आपलं हॉस्पिटल डेझीवालं आहे का, हे मेट्रनच्या ऑफिसात विचारलं की कळतं. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात मेट्रनला अधिसेविका म्हणतात, वॉर्डाच्या इनचार्जला परिसेविका. पत्र लिहायचं तर त्यांच्या नावे लिहावं आणि प्रत वैद्यकीय अधीक्षकांना द्यावी. कोणी केलं ते मात्र नीट बघून घ्या. आमच्या शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी ज्या ‘सिस्टर’चं तोंड भरून कौतुक चालवलं होतं, त्या वॉर्डातल्या मावशी होत्या. भांडं देणं, कूस बदलणं सगळं मावशींनी केलेलं. कौतुक मावशींचंही व्हायला हवं, पण मग मावशींच्याच नावाने. दोन्ही पुरस्कार नर्सचे आहेत, मावशींसाठी त्यांत जागाच नाही, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

आमचं हॉस्पिटल डेझीवालं नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी त्यांनी एक फॉर्म दिला, त्यात कँटीन, पार्किंग आणि बिलिंग काउंटरला पाचपैकी तारे द्यायचे होते. नर्सिंगला एकच ओळ. मी तो तसाच परत दिला आणि साध्या कागदावर बांगड्यांची हकीकत लिहिली, तारीख आणि बेड नंबर घालून. सिस्टरचं पूर्ण नाव वॉर्डात विचारून घेतलं. झेरॉक्स काढली आणि मेट्रनच्या ऑफिसात गेले.

तिथल्या माणसाने कागद हातात घेतला, न वाचताच रजिस्टर ओढलं आणि पेन उघडलं.

‘कोणाविरुद्ध आहे?’