ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करताना वायरिंगमधील फेरबदल

मोटारगाडीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून त्या जागी मॅन्युअल बसवल्यावर गाडीच्या वायरिंगमध्ये करावे लागणारे बदल. असे रूपांतर करणाऱ्यांचा पैसा आणि उत्साह गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच आणि तिसरे पेडल यांवर खर्च होतो. वायरिंगची आठवण होते ती सगळे बसवून किल्ली फिरवल्यावर सेल्फ लागत नाही तेव्हा.

सेल्फ न लागण्याचे कारण साधे असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या अंगाला न्यूट्रल सेफ्टी स्विच बसवलेला असतो आणि लीव्हर ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’वर (न्यूट्रल) असेल तरच तो सेल्फचे सर्किट पूर्ण करतो. लीव्हर पुढच्या किंवा मागच्या गिअरात असताना सेल्फ लागता कामा नये, अशी अट अमेरिकेच्या सुरक्षा मानक क्र. १०२ मध्ये १९६८पासून आहे. गिअरबॉक्स उतरला की हा स्विचही जातो आणि सर्किट उघडे पडते. स्विचच्या दोन्ही तारा एकमेकींना डायरेक्ट जोडल्या की सेल्फ लागतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. हा मार्ग वाईट आहे. गाडी पहिल्या गिअरात उभी असताना कोणी सहज किल्ली फिरवली तरी ती पुढे उडी घेते. त्याच दोन तारा लांबवून क्लच पेडलच्या स्विचला जोडल्या की पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) असलेल्या गाडीत पेडलवर आणखी एक स्विच लागतो. ऑटोमॅटिकमध्ये क्रूझ ब्रेकने तुटतो. रूपांतरानंतर क्लच दाबल्यावरही तो तुटला पाहिजे, नाहीतर भार सुटलेले इंजिन गरागरा वर चढते.

रिव्हर्स लाइटच्या तारा बहुधा त्याच सेफ्टी स्विचमधून जातात. मॅन्युअल गिअरबॉक्सवर त्यासाठी दोन टोकांचा वेगळा स्विच असतो. तिथवर तारा नेल्या की झाले.

डोकेदुखी असते ती इंजिनाच्या कॉम्प्युटरची. इंजिनावर गिअरबॉक्सचा भार आहे की नाही हे त्याला आयडलिंग सांभाळण्यासाठी कळावे लागते. १९८९ ते १९९३च्या फोर्ड मस्टँग ५.० या गाडीवर असे रूपांतर अमेरिकेत फार झाले, आणि तिची एक खोड चांगलीच ठाऊक झालेली आहे. तिचा एओडी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर गिअर बदलतो, कॉम्प्युटरच्या हुकमावर नाही. म्हणून ऑटोमॅटिकचा ए९पी कॉम्प्युटर मॅन्युअल टी-५ गिअरबॉक्सबरोबरही चालून जातो; मॅन्युअल गाडीचा मूळ कॉम्प्युटर ए९एल. खरा घोळ ऑक्सिजन सेन्सरच्या छोट्या हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडीत आहे. मॅन्युअलच्या हार्नेसमध्ये एक जादा लूप असतो आणि तो कॉम्प्युटरला भाराची खबर देणाऱ्या पिन ३०चा मार्ग सिग्नलच्या अर्थिंगकडे, म्हणजे पिन ४६कडे नेतो. ऑटोमॅटिकच्या वायरिंगमध्ये याच मार्गावर सेल्फ मारताना १२ व्होल्ट येतात. जुने वायरिंग तसेच ठेवून मॅन्युअलचा हार्नेस लावला, तर ते १२ व्होल्ट सरळ अर्थिंगमध्ये शिरतात आणि कॉम्प्युटरच्या बोर्डावरची तांब्याची बारीक पट्टी जळते. मग पिन ४६वर अवलंबून असलेल्या सेन्सरांचे अर्थिंगच तुटते आणि दोष मात्र सेन्सरांच्या माथी मारला जातो. दोन्ही हार्नेसचे कनेक्टर एकमेकांत बेमालूम बसतात, त्यामुळे बसले म्हणजे जुळले असे धरून चालत नाही.

गिअरबॉक्सचा स्वतंत्र कॉम्प्युटर असलेल्या पुढच्या काळातल्या गाड्यांत तारा कमी जोडाव्या लागतात, पण कोडिंग करावे लागते. बीएमडब्ल्यूच्या ई४६ मालिकेत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर काढल्यावरही बाकीचे कॉम्प्युटर त्यांना आपसात जोडणाऱ्या तारांवर (कॅन बस) त्याला शोधत राहतात. गाडीची मूळ ऑर्डर, म्हणजे कारखान्यात तिच्यात काय काय बसवले याची यादी, लाइट मॉड्यूल आणि मीटर या दोन ठिकाणी साठवलेली असते. तिच्यातला ऑटोमॅटिकचा २०५ हा कोड दोन्हीकडून काढावा लागतो. सेल्फला परवानगी देणाऱ्या इमोबिलायझरलाही लीव्हरच्या जागी क्लचचा सिग्नल द्यावा लागतो. स्पीडोमीटर मात्र बिघडत नाही, कारण वेगाचा सिग्नल चाकांच्या सेन्सरांवरून येतो. ज्या जुन्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरच्या सेन्सरवर किंवा केबलवर चालतो, त्यांत तीही जुळणी करावी लागते.

लीव्हर ‘पी’वर नसेल तर किल्ली अडकवून ठेवणारी सोलेनॉइडची (विजेवर सरकणारी) कडी अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत असते. लीव्हर गेल्यावर तिचाही बंदोबस्त लागतो, नाहीतर गाडी बंद करूनही किल्ली बाहेर निघत नाही.

जुना गिअरबॉक्स उतरवण्याआधी लीव्हर एकेका जागी नेऊन सेफ्टी स्विचच्या कोणत्या दोन टोकांत कंटिन्युइटी (सलग जोड) मिळते ते मल्टीमीटरने पाहून लिहून ठेवावे. तारांच्या रंगावर भरवसा ठेवू नये. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक रंग बदललेले असू शकतात. नको असलेल्या तारा मुळापासून कापण्यापेक्षा टोके बंद करून टेप गुंडाळून ठेवलेल्या बऱ्या. अपघातग्रस्त मॅन्युअल गाडीचे पूर्ण हार्नेस हाती लागले, तर यातले निम्मे जोडकाम वाचते.

भारतात अशा कामाला हात घालण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायला ते मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा नियम कठोरपणेच लावला आहे.