मातीच्या पाईपमध्ये उरलेली बाई

अमेरिकेत १८५० आणि १८६० साली जी जनगणना झाली तिच्यात गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव लिहायचं, आणि त्याच्याखाली एकेक ओळ: वय, बाई की पुरुष, रंग काळा की मिश्र, बस. माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. १८६० साली असे जवळजवळ ४० लाख लोक होते. गुलामी संपल्यावर १८७० साली पहिल्यांदा ही सगळी माणसं जनगणनेत नावानिशी आली, त्यामुळे आज एखादं आफ्रिकन-अमेरिकन कुटुंब आपले पूर्वज शोधायला बसतं तेव्हा १८७० पर्यंत मागे जाता येतं आणि तिथे शोध थांबतो, वंशावळ शोधणारे लोक याला भिंतच म्हणतात.

त्या भिंतीच्या पलीकडे कागद कमी आहेत, पण वस्तू आहेत. तुटलेल्या, फेकलेल्या, रोजच्या वापरातल्या. आणि मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे, की यातल्या काही वस्तूंमध्ये वापरणाऱ्या माणसाचं शरीर राहिलंय, खरोखरचं, म्हणजे थुंकी, बोटांचे ठसे, हाताचा दाब. ज्यांचं नाव कुणी लिहिलं नाही त्यांच्याबद्दल ही माती बोलते, आणि ते ऐकायचं कसं हे विज्ञानाला आत्ता आत्ता जमायला लागलंय.

मेरीलँड राज्यात बेल्व्हॉर नावाची एक जुनी इस्टेट आहे. अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की यांच्या आजीचं हे घर. तिथे गुलामांच्या राहण्याच्या जागेचं उत्खनन झालं त्यात तंबाखू ओढायच्या मातीच्या पाईपचे तुकडे मिळाले. खरं सांगायचं तर हे तुकडे म्हणजे त्या काळच्या कुठल्याही साइटवर मिळणारा सर्वात सामान्य माल, कारण पाईप स्वस्त होते, पटकन तुटायचे आणि तुटले की फेकून द्यायचे. पण पुरातत्त्वज्ञ ज्युली शॅब्लिट्स्की यांच्या डोक्यात आलं की जी वस्तू माणसाने तासन् तास ओठांत आणि दातांत धरली तिच्यात त्या माणसाचा डीएनए राहिला असेल का? आणि एका नळीत तो निघाला! हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पाईप साधारण २०० वर्षांपूर्वीचा, ओढणारी एक बाई, आणि जगातल्या ज्या समूहांशी तिचा डीएनए ताडून पाहिला त्यात ती सगळ्यात जवळची निघाली पश्चिम आफ्रिकेत आज सिएरा लिओनमध्ये राहणाऱ्या मेंडे लोकांना.

हे शक्य झालं ते मातीमुळे. हे पाईप पांढऱ्या मातीचे, त्यांना ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत थर नसायचा, त्यामुळे माती सच्छिद्र राहायची. आपला माठ जसा पाणी पितो आणि बाहेरून ओला होतो तसंच, नळीच्या बारीक छिद्रांत थुंकी शिरायची आणि तिच्यासोबत गालाच्या आतल्या पेशी. नंतर तो तुकडा जमिनीत गाडला गेला, वर दोन शतकांची माती चढली, बॅक्टेरिया आले, पाणी मुरलं, त्यामुळे आज त्यातून जो डीएनए निघतो त्यातला बहुतेक जंतूंचाच असतो आणि माणसाचा अगदी थोडा, तोही तुटून तुटून लहान तुकडे झालेला. पण हे तुटणंच पुरावा ठरतं. जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकाला एक ठराविक रासायनिक बिघाड होतो, डीएनए ज्या चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला असतो त्यातलं सायटोसिन नावाचं अक्षर बदलून वाचताना थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखं दिसायला लागतं, आणि असा बिघाड दिसला की कळतं की हा डीएनए लॅबमधल्या कुणाच्या हातावरून आलेला नाही, जुनाच आहे. बाई की पुरुष हे एक्स आणि वाय क्रोमोसोमचे किती तुकडे मिळाले त्यावरून ठरतं.

मेंडे लोकांशी जवळचं नातं निघालं म्हणजे तिचं गाव सापडलं असं नाही, कारण ताडून पाहायला ज्या समूहांचा डीएनए हातात आहे त्यांच्यातूनच उत्तर येणार, शिवाय ती स्वतः आफ्रिकेत जन्मली होती की तिची आई-आजी हेही यातून ठरत नाही. पण सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरून ॲनापोलिस बंदरात गुलामांची जहाजं यायची हे कागदोपत्री माहीत आहे, आणि बेल्व्हॉर ॲनापोलिसपासून लांब नाही, म्हणजे दोन वेगवेगळ्या बाजूंनी आलेला पुरावा एकाच जागी मिळतो. मला हे फार मोठं वाटतं. तक्त्यात जी जास्तीत जास्त एक ओळ झाली असती त्या बाईबद्दल आज आपल्याला कळतं की ती पाईप ओढायची आणि तिची माणसं कुठल्या किनाऱ्यावरची होती.

आता मातीच्या भांड्यांकडे येतो, कारण तिथे तर तज्ज्ञांचाच समज अनेक वर्षं वेगळा होता. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिनामध्ये उत्खननात हाताने घडवलेली, चाकावर न केलेली, ग्लेझ नसलेली, साध्या उघड्या जाळात भाजलेली भांडी मिळायची. १९६२ साली आयव्हर नोएल ह्यूम या पुरातत्त्वज्ञाने त्यांना ‘कोलोनो-इंडियन वेअर’ असं नाव दिलं, म्हणजे ही मूळच्या अमेरिकन आदिवासींनी वसाहतीतल्या लोकांना विकण्यासाठी केलेली भांडी असं धरलं गेलं. नंतर साउथ कॅरोलिनातल्या भाताच्या प्लँटेशनवर, म्हणजे गुलाम राबवून चालणाऱ्या मोठ्या मळ्यांवर, मालकाच्या बंगल्याऐवजी गुलामांच्या झोपड्यांच्या जागी खणायला सुरुवात झाली आणि ही खापरं तिथे ढिगाने निघाली. लेलँड फर्ग्युसन यांनी मग म्हटलं की यातली बरीचशी आफ्रिकन लोकांनी स्वतःच घडवलीत, आणि नावातला ‘इंडियन’ गळून नुसतं ‘कोलोनोवेअर’ राहिलं. भांडं तेच होतं, ते कुठे सापडलं एवढं नीट पाहिल्यावर त्याचा इतिहास बदलला. म्हणूनच उत्खननात कुठली वस्तू कुठल्या थरात, कुठल्या चुलीशेजारी मिळाली याच्या नोंदीला वस्तूइतकीच किंमत असते, आणि कुणी मेटल डिटेक्टर घेऊन जमीन उकरून वस्तू घरी नेतो तेव्हा ही माहिती कायमची जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यातल्या काही वाडग्यांच्या बुडाला फुलीची खूण कोरलेली आहे. अशी बरीच वाडगी नद्यांच्या तळातून वर आली. फर्ग्युसन यांनी ती खूण मध्य आफ्रिकेतल्या कोंगो लोकांच्या विश्वचित्राशी जोडली, ज्यात आडवी रेघ म्हणजे पाणी, वर जिवंत माणसांचं जग आणि खाली पूर्वजांचं. सगळ्यांना हे पटलेलं नाही, कॅटॉबा आदिवासीही त्या भागात भांडी विकत होते, आणि फुली ही इतकी साधी खूण आहे की ती कुणीही कशासाठीही काढू शकतो. मला स्वतःला नदीतल्या वाडग्यांसाठी फर्ग्युसन यांचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं, पण ते सिद्ध झालंय असं म्हणणार नाही. याच भांड्यांना ग्लेझ नसल्याने त्यांच्या भिंतीत शिजवलेल्या अन्नाची चरबी मुरते, आणि चरबीचे रेणू मातीत फार काळ टिकतात, त्यामुळे खापराची पूड करून सॉल्व्हंटने ती चरबी वेगळी काढली तर भांड्यात मांस शिजत होतं की मासे की वनस्पतींचं काही, याचा अंदाज येऊ शकतो. पुस्तकात ज्यांच्या जेवणाबद्दल मालकाने आठवड्याला किती मका दिला एवढंच लिहिलेलं असतं, त्यांच्या चुलीवर खरं काय होतं हे भांडंच सांगणार.

साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरातल्या जुन्या विटांचंही असंच. त्या विटा गुलामीत ठेवलेल्या लोकांनी थापल्या, ओल्या विटा वाळताना उलटायचं काम बऱ्याचदा मुलांकडे असायचं, आणि काही विटांमध्ये बोटांचे ठसे अजून स्पष्ट दिसतात, भिंतीजवळून जाताना हात लावता येतो इतके. ठशातल्या रेघांवरून वयाचा अंदाज येतो कारण बोट वाढतं तसं रेघांतलं अंतर वाढतं, मोठ्या माणसात ते साधारण अर्धा मिलिमीटर असतं आणि मुलात त्याहून कमी. फक्त वीट वाळताना आणि भाजताना आक्रसते, ते धरून हिशोब करावा लागतो. ज्या सुंदर घरांचे फोटो पर्यटक काढतात त्यांच्या भिंतीत सात-आठ वर्षांच्या मुलांची बोटं असू शकतात हे कळल्यावर ती घरं पहिल्यासारखी बघता येत नाहीत.

थोडं कवड्यांबद्दल. व्हर्जिनियात गुलामांच्या वस्त्यांमध्ये, अगदी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या इस्टेटीवरही, कवडी सापडलीये. चलन म्हणून वापरायची कवडी अटलांटिकमध्ये होतच नाही, ती हिंदी महासागरातली, मुख्यतः मालदीवची. युरोपियन व्यापारी ती बंगाल आणि सिलोनमधून जहाजं भरून युरोपात न्यायचे, तिथून पश्चिम आफ्रिकेत, आणि तिथे त्याच कवड्या मोजून माणसं विकत घेतली जायची. म्हणजे आपल्याकडच्या समुद्राचाही या व्यापारात वाटा होता, हे आपण फारसं बोलत नाही.

साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर गल्ला-गीची लोक राहतात, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचे वंशज. त्यांच्या स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्या आज महागड्या कलावस्तू म्हणून विकल्या जातात, पण सुरुवात भात पाखडायच्या रुंद टोपलीपासून झाली. भात मुसळाने कांडून या टोपलीत घेऊन वर उडवायचा, तूस वजनाच्या मानाने पसरट म्हणून हवेत हळू पडतं आणि वाऱ्याने बाजूला जातं, तांदूळ सरळ खाली येतो. टोपली विणलेली नसते, गवताची जुडी गोल गोल वळवत पामच्या पट्टीने शिवत न्यायची, आणि भोक पाडायला पूर्वी हाडाचं टोक असायचं, आता बऱ्याच जणी चमच्याचा दांडा घासून वापरतात. हीच पद्धत सेनेगल-गांबियाच्या भागात आहे. भाताची शेती जाणणाऱ्या लोकांना तिथून आणलं गेलं आणि कॅरोलिनाचे मालक भातावर श्रीमंत झाले. या टोपल्यांना आजचा धोका वेगळाच आहे, समुद्रकिनारी बंगले आणि रिसॉर्ट झालेत, त्यामुळे गवत कापायला जायच्या जागाच कुंपणाआड गेल्यात. माउंट प्लेझंट गावात हायवे १७ च्या कडेला अजून टोपलीवाल्यांचे स्टॉल लागतात.

आणि आता डेव्ह, गुलामीत असलेला एक कुंभार. साउथ कॅरोलिनाच्याच एजफील्ड भागात दगडासारखी कडक भांडी करायचे मोठे कारखाने होते आणि तिथले बरेच कारागीर गुलामीत होते. तिथल्या एका भट्टीचं उत्खनन झालं तर ती १०० फुटांहून लांब निघाली! भांड्यांचा ग्लेझ लाकडाची राख किंवा चुना, वाळू आणि माती यांचा. वाळूतली सिलिका एकटी वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, पण राखेतलं कॅल्शियम आणि पोटॅशियम सिलिकाच्या अणूंच्या जाळ्यात शिरून ते तापमान बरंच खाली आणतं, आणि मग लाकडाच्या भट्टीतच त्याची काच होते. भट्टीत हवा कमी पडली तर मातीतल्या लोखंडामुळे रंग हिरवट, जास्त असली तर तपकिरी-पिवळा. असं भांडं पाणी पीत नाही, म्हणून प्लँटेशनवर मांस आणि चरबी साठवायला हेच लागायचं. म्हणजे पाईपमध्ये जसा डीएनए मुरला तसं इथे काही मुरणार नाही. पण डेव्हने वेगळाच मार्ग काढला, त्याने ओल्या मातीवर लिहिलं.

साउथ कॅरोलिनात गुलामांना लिहायला शिकवण्यावर १७४० पासून बंदी होती, १८३४ च्या कायद्याने वाचायला शिकवणंही गुन्हा झालं. त्याच १८३४ सालची, तारखेसकट, डेव्हची ओळी कोरलेली बरणी आहे. पुढे पंचवीस-तीस वर्षं तो बरण्यांवर दोन-दोन ओळींच्या कविता, तारीख आणि ‘डेव्ह’ अशी सही करत राहिला. १८५९ सालच्या त्याच्या सगळ्यात मोठ्या बरण्यांत साधारण १५० लिटर मावतं, एवढी माती एका वेळी चाकावर उभी राहत नाही, स्वतःच्या वजनाने बसते, म्हणून खालचा भाग चाकावर करून वर मातीच्या वळ्या चढवत न्यायच्या. ऑगस्ट १८५७ मधल्या एका बरणीवर त्याने विचारलंय की माझे सगळे नातेवाईक कुठे असतील. गुलामांची कुटुंबं विकून तोडली जायची, त्या काळात हा प्रश्न उघड्यावर, मालकाच्या मालावर, आपल्या सहीने लिहिणं ही किती हिंमत!

१८७० च्या जनगणनेत तो सापडतो, डेव्हिड ड्रेक, वय सत्तरच्या आसपास, धंदा चाकावर भांडी घडवणं. आज त्याच्या बरण्या लाखो डॉलरना विकल्या जातात, आणि ज्याने त्या केल्या त्याला त्यांची मालकी कधीच मिळाली नव्हती. २०२५ साली बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने आपल्याकडच्या त्याच्या दोन बरण्यांची मालकी त्याच्या वंशजांना परत दिली, मग एक बरणी त्यांच्याकडून रीतसर पैसे देऊन पुन्हा विकत घेतली आणि दुसरी उसनी म्हणून प्रदर्शनात ठेवली. डेव्हच्या बरण्या अमेरिकेतल्या इतर बऱ्याच म्युझियममध्ये आहेत, आणि त्या त्यांच्या कशा झाल्या हे आता त्यांनाही विचारलं जाणार.