थालीपीठ, कॉफी आणि बिल : आमच्या कॅफेत येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

रामबागेतला आमचा कॅफे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे, काही जण पहिल्यांदाच येत असाल. इंदुरात खाण्याच्या जागांना तोटा नाही. रात्री सराफा बाजारातली खाऊगल्ली आहे, दिवसभर छप्पन दुकान आहे, आणि सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर पोह्यांची पातेली वाफाळत असतात. तिथे उभ्याने खायचं, हात पुसायचे आणि निघायचं. आमच्याकडे माणसं बसायला येतात. सकाळी फिरून परतणारे काका-काकू, रविवारी उशिरा उठून नाश्ता आणि जेवण एकातच उरकणारी मंडळी, वह्या घेऊन आलेली मुलं, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन आलेली कुटुंबं. बसून खाणाऱ्याची अपेक्षा निराळी असते. ती पुरी व्हायची तर आत स्वयंपाकघरात काय चालतं हे तुम्हाला थोडं माहीत असलेलं बरं.

आठ टेबलं, चार शेगड्या, एक मोठा तवा आणि आम्ही पाच जण, एवढाच आमचा पसारा. मोठ्या हॉटेलात जे आपोआप होतं ते इथे बोलण्याने होतं. म्हणून आमचं मागणं एवढंच की जे हवं ते मागवतानाच सांगा, आणि जे बरं लागलं नाही ते टेबलावरून उठायच्या आत सांगा.

वेळ का लागतो

रविवारी साडेनऊ ते साडेअकरा दारात माणसं उभी असतात आणि त्या वेळी सगळ्यात जास्त खोळंबा थालीपिठाचा होतो. आमची भाजणी ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ आणि उडीद वेगवेगळे भाजून, धणे-जिरे घालून दळलेली असते. पीठ तयार असतं, पण ते भिजवून ठेवता येत नाही. कांदा घालून मळलं की त्याला पाणी सुटतं, गोळा सैल होतो आणि थालीपीठ तव्यावर चिकटतं. म्हणून तुमची ऑर्डर आल्यावरच पीठ मळलं जातं. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोकं पाडायची, त्यात तेल सोडायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर होऊ द्यायचं. आच वाढवली तर वरून काळं आणि आत कच्चं राहतं. दोन्ही बाजू नीट व्हायला दहा मिनिटं जातात, आणि तव्यावर एका वेळी दोनच मावतात. सहा जणांनी सहा थालीपिठं मागवली तर शेवटच्या माणसाच्या पानात पडेपर्यंत पहिल्याचं संपलेलं असतं. दोन थालीपिठं, दोन पोहे, एखादं ऑम्लेट असं मागवलंत तर सगळ्यांचं बरोबर येतं. आमची ताई ऑर्डर घेताना हे सुचवते. थालीपीठच सगळ्यांना हवं असेल तर तसं सांगा, ती आधीच वेळ सांगेल.

पोहे आमच्याकडे दोन प्रकारचे मिळतात आणि यावर टेबलाटेबलावर चर्चा होते. इंदोरी पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, वाफेवर गरम ठेवलेले असतात. फोडणीत मोहरी, हळद, बडीशेप आणि चिमूटभर साखर. वरून शेव, कच्चा कांदा, जिरावण म्हणजे भुरभुरायचा चटपटीत मसाला, लिंबू आणि असले तर डाळिंबाचे दाणे. हे दोन मिनिटांत येतात. कांदेपोहे मात्र आपल्या घरच्यासारखे, कांदा फोडणीत परतून, शेंगदाणे घालून, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर पेरून, दर ऑर्डरला नव्याने होतात. त्यांना आठ-दहा मिनिटं धरा. पाहुण्यांना शेव मऊ पडलेली आवडत नसेल तर "शेव वेगळी" म्हणा, वाटीत मिळेल. जिरावणात काळं मीठ असतं, तेव्हा ज्यांना मीठ जपायचं आहे त्यांनी ते कमी घालायला आवर्जून सांगावं. इंदोरी पोह्यांची चव जिरावणाशिवायही टिकते असं आमचं प्रामाणिक मत आहे, जुन्या खवय्यांना ते पटत नसलं तरी.

कॉफीबद्दल

आमच्याकडे मशीनची कॉफी आहे आणि दक्षिणी पद्धतीची फिल्टर कॉफीही आहे. नुसती एस्प्रेसो मागवलीत तर छोट्या कपात साधारण ३० मिलिलिटर गडद, कडवट कॉफी येते. लग्नाच्या मांडवात फेसाळ दुधावर चॉकलेटची पूड भुरभुरून देतात तशी कॉफी हवी असेल तर कॅपुचिनो घ्या आणि साखर घालून हवी असं सांगा. एस्प्रेसो सुमारे ९ बार दाबाखाली २५ ते ३० सेकंदांत उतरते. त्याहून लवकर उतरली तर आंबट आणि पाणचट लागते, फार वेळ लागला तर जळकट. म्हणून सकाळी पहिली एक-दोन कॉफी आम्ही चाखून टाकून देतो आणि दळण जाड-बारीक करून घेतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की हे दिवसातून पुन्हा करावं लागतं.

"कॉफी गार आहे" हे आम्ही नेहमी ऐकतो आणि त्यामागचं कारण खरं आहे. घरचा चहा उकळता पिणाऱ्याला ६० ते ६५ अंशांवर तापवलेलं दूध कोमट वाटणारच. दूध तेवढ्यावर थांबवलं तर त्याची गोडी सर्वात चांगली लागते आणि फेस मखमली राहतो. ७० च्या पुढे गेलं की त्याला उकळल्याचा वास येतो आणि फेस जाड, कोरडा होतो. तरीही तुम्हाला गरमच आवडत असेल तर "कडक गरम" सांगा, आम्ही कप आधी उकळत्या पाण्याने तापवून घेऊ आणि दूधही जास्त तापवू. पिणारे तुम्ही, तेव्हा आवड तुमचीच चालेल. फिल्टर कॉफीत चिकोरी असते. बिनचिकोरीची हवी असेल तर ती मशीनवरच मिळेल.

उपास, जैन, अंडं आणि ॲलर्जी

हा भाग कृपया नीट वाचा, कारण इथे अंदाजावर चालत नाही.

संकष्टी, एकादशी आणि नवरात्रात साबुदाण्याची खिचडी वेगळ्या कढईत, वेगळ्या झाऱ्याने, शेंगदाण्याच्या तेलात किंवा तुपात, सैंधव घालून होते. हळद-मोहरी नसते. सराफ्यात खिचडीवर फरियाळी मिक्श्चर आणि मसाला पेरून देतात, तशी आवड असणाऱ्यांसाठी मिक्श्चर बाजूला मिळतं, खिचडीत आम्ही घालत नाही. कोथिंबीर काही घरांत उपासाला चालते, काहींत चालत नाही, म्हणून आम्ही विचारूनच घालतो. साबुदाणा वड्यांचं तेल या दिवशी वेगळं असतं. बाकीच्या दिवशी मात्र त्याच कढईत बटाटेवडेही तळले जातात. तुमचा उपास एखाद्या आडवारी असेल, गुरुवारचा किंवा सोळा सोमवारांचा, तर वडे न घेता खिचडी घ्या आणि उपासाची म्हणून सांगा. तिची कढई कुठल्याही दिवशी वेगळी काढता येते.

जैन पद्धतीचं मागणारे ग्राहक आमच्याकडे पुष्कळ आहेत. इंदोरी पोहे, ढोकळा, चीज टोस्ट, भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस हे कांदा-लसूण-बटाट्याशिवाय होतं. मिसळ होत नाही, कारण तिचा कट सकाळीच कांदा-लसणाच्या वाटणावर तयार होतो. वरून कांदा काढून ती जैन म्हणून देणं आम्हाला मान्य नाही.

अंड्याचे पदार्थ वेगळ्या तव्यावर होतात, त्यांचा उलथना लाल मुठीचा आहे आणि तो दुसरीकडे वापरत नाहीत. पण भांडी एकाच मोरीवर घासली जातात आणि अंड्याचा व बिनअंड्याचा केक एकाच ओव्हनमध्ये, वेगवेगळ्या ट्रेमध्ये भाजला जातो. एवढंही ज्यांना चालत नाही त्यांनी आमच्याकडे थंड पेयं आणि फळं घ्यावीत. बिनअंड्याच्या केकला दही आणि सोड्याने फुगवतात, त्यामुळे तो जरा दाट लागतो. तो शिळा नसतो.

शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की आमचं स्वयंपाकघर त्यांच्यासाठी सुरक्षित नाही. कूट खिचडीत आहे, दाणे पोह्यांत आहेत, चटणीत आहेत, आणि कूट हवेतही उडतं. नुसतं "दाणे घालू नका" म्हणून भागणार नाही. गव्हाचं ग्लुटेन टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा की भाजणीत गहू आहे. लहान मुलांसोबत आलात तर ॲलर्जीचं आधी सांगा, लाजू नका. आमची ताई ते ऑर्डरच्या चिठ्ठीवर वरच्या ओळीत लिहिते आणि आचारी ती ओळ मोठ्याने वाचतो.

पाणी आणि पार्सल

टेबलावरचं पाणी नर्मदेच्या नळाचं, गाळून शुद्ध केलेलं असतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. हे पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर दूर, डोंगर चढून आपल्याकडे येतं, म्हणून पेला अर्धाच भरून ठेवतो, लागेल तसं मागा. तान्ह्या बाळासाठी उकळून गार केलेलं पाणी मागितलं की मिळेल. बाटली हवी असेल तर छापील किमतीलाच.

पार्सल वर्तमानपत्रात बांधून मिळत नाही. छपाईच्या शाईतले घटक गरम, तेलकट पदार्थात उतरतात, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकिंग नियमांनी वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला मनाई केली आहे. प्लास्टिकचे चमचे आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. घरून स्टीलचा डबा आणलात तर आम्हाला फार बरं वाटतं, आणि पोहेही डब्यात जास्त वेळ गरम राहतात. ओला-सुका कचरा वेगळा टाकण्याचे दोन डबे बाहेर आहेत. स्वच्छतेत २०१७ पासून सलग कित्येक वर्षं पहिल्या आलेल्या शहरात हे सांगावं लागत नाही, पण उरलेली चटणी ओल्यात आणि कागदी पेला सुक्यात, एवढं पाहा.

बिल कसं वाचायचं

आमच्या बिलावर जीएसटीची वेगळी ओळ दिसणार नाही. वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या उपाहारगृहांना कंपोझिशन योजना घेता येते आणि आम्ही ती घेतली आहे. त्यात उलाढालीवर ५ टक्के कर आम्ही आमच्याकडून भरतो, ग्राहकाकडून वेगळा कर घेण्याची आम्हाला परवानगी नसते, आणि तसं बिलावर छापावंही लागतं. इतर ठिकाणी ५ टक्के जीएसटी लावलेला दिसतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, तोही नियमाप्रमाणेच असतो. मात्र एखाद्याच्या बिलावर कंपोझिशनची ओळ आणि जीएसटी दोन्ही असतील तर विचारा.

सेवा शुल्क आम्ही लावत नाही. ते बिलात आपोआप जोडू नये असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते मार्च २०२५ मध्ये कायम ठेवले. ही माहिती आमच्यापुरती नाही, कुठेही खायला गेलात तरी उपयोगी पडेल. टिप द्यावीशी वाटली तर काउंटरवर बरणी आहे. महिन्याअखेरीस ती भांडी घासणाऱ्या मावशींसकट सगळ्यांत सारखी वाटली जाते. बिलाच्या माथ्यावर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो प्रत्येक बिलावर असणं बंधनकारक आहे.

आवडलं नाही तर

आपली माणसं भिडस्त. "कसं झालंय?" विचारलं की "छान, छान" म्हणतात आणि अर्धी ताटली तशीच ठेवून उठतात. कांदेपोहे अर्धे उरलेले दिसले की आमची ताई एकदा थांबून विचारते, "काकू, तिखट झाले की कोरडे?" तिला खरं उत्तर द्या. कोरडे असतील तर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटांत वाफ काढता येते, खारट असतील तर नवे करून मिळतात, आणि पदार्थच पसंत पडला नाही तर दुसरा घ्या, पहिल्याचे पैसे लागणार नाहीत. पूर्ण संपवून मग तक्रार आली तर मात्र आम्हाला काही करता येत नाही, पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो एवढंच.

इंटरनेटवर लिहायचं असेल तर मोकळेपणाने लिहा, कडक लिहिलंत तरी आम्ही उत्तर देऊ. फक्त वार, साधारण वेळ आणि पदार्थाचं नाव घाला. "सर्व्हिस खराब" एवढ्यावरून आम्हाला शोध लागत नाही. "शनिवारी संध्याकाळी सात, मिसळ, पाव गार" असं असेल तर त्या वेळी तव्यावर कोण होतं ते आम्हाला कळतं. आमच्याशी बोलूनही समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक काउंटरवर लावलेला आहे.

बसण्याबद्दल थोडं. लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्यांचं इथे स्वागत आहे, खिडकीजवळच्या दोन टेबलांशेजारी प्लग आहेत. रविवारी सकाळी मात्र ती टेबलं कुटुंबांसाठी ठेवतो. ज्येष्ठ मंडळींना पायरी चढायला त्रास होत असेल तर बाहेरून हाक मारा, मागच्या दाराने सपाट वाट आहे. गाणी मोठी वाटली तर कमी करू.

कॅफे सकाळी ८ ते रात्री ९, मंगळवारी बंद. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असल्यामुळे दिवसभर बंद असतो. अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले देखावे) पाहायला निघणाऱ्यांसाठी रात्री १ पर्यंत चहा, कॉफी आणि इंदोरी पोहे मिळतात, थालीपीठ त्या रात्री नसतं. दहाहून जास्त जण येणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा, साबुदाणा भिजवायचा असतो.