जंतांचे औषध, हितसंबंध आणि शुद्धिपत्र

मे २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट गोव्यात शिगेला पोहोचलेली असताना, राज्य सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन हे औषध प्रतिबंधक उपाय म्हणून देण्याचे जाहीर केले. मात्रा रोज १२ मिलिग्रॅम, सलग पाच दिवस. घोषणेला परदेशांतील तज्ज्ञगटांच्या निष्कर्षांचा हवाला जोडलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्कालीन मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामीनाथन यांनी लगेचच संघटनेची भूमिका पुन्हा मांडली : कोविडसाठी हे औषध वैद्यकीय चाचण्यांबाहेर वापरू नये. त्या वादाची राजकीय बाजू पुष्कळ चघळून झाली आहे. शोधनिबंध कसे छापले जातात, कसे दुरुस्त होतात आणि कोणाच्या पैशाने लिहिले जातात, ही बाजू मात्र तेव्हा बाजूलाच राहिली.

आयव्हरमेक्टिन हे मुळात परजीवींवरचे औषध आहे. जपानच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ज्या संशोधनाला सुरुवात झाली, त्यातून ते तयार झाले, आणि त्यासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आफ्रिकेत काळ्या माश्यांमार्फत पसरणाऱ्या आणि माणसाला आंधळे करणाऱ्या ऑन्कोसर्का या कृमीविरुद्ध त्याने मोठे काम केले असून, खरजेवर आणि काही आतड्यांतील जंतांवरही ते चालते. कोविडवरही ते चालते, असा समज पसरवण्यात नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधून आलेल्या एका निबंधाचा वाटा मोठा होता. तो प्रीप्रिंट होता, म्हणजे समीक्षकांनी तपासण्याआधीच सर्वांना खुला केलेला मसुदा, आणि त्यात मृत्यूंचे प्रमाण या औषधाने प्रचंड घटल्याचा दावा होता.

हा दावा इतका मोठा होता की अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करणाऱ्या विश्लेषणांत एकट्या त्या निबंधाने पारडे झुकवले. लंडनमधील वैद्यकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्यातील मजकूर उचललेला असल्याचे पाहिले आणि मग मूळ माहितीची फाईल उघडली. (तिला कुलूप होते, पण परवलीचा शब्द १२३४ इतकाच होता.) काही रुग्ण चाचणी सुरू होण्याच्या आधीच मरण पावल्याची नोंद होती, तर काही रुग्णांच्या नोंदी एकमेकींच्या नकला असाव्यात इतक्या सारख्या होत्या. जुलै २०२१ मध्ये तो मसुदा संकेतस्थळावरून मागे घेण्यात आला. त्यावर विसंबलेले एक महत्त्वाचे एकत्रित विश्लेषणही नंतर मागे घेऊन नव्याने करावे लागले, आणि संशयास्पद चाचण्या वगळल्यावर मृत्यू टळत असल्याचा निष्कर्ष उरला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शक सूचनांतून हे औषध वगळले गेले. पुढे ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर झालेल्या आणि मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले नाही.

परजीवीशास्त्राच्या अंगाने यातला सर्वांत रोचक मुद्दा याच सुमारास पुढे आला. ज्या चाचण्यांत औषधाचा लाभ दिसत होता, त्यांपैकी बऱ्याच चाचण्या स्ट्रॉंगिलॉइड्स या जंताचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या प्रदेशांतल्या होत्या. कोविडच्या रुग्णाला स्टेरॉइड दिले की अंगात लपून असलेला हा जंत बेसुमार वाढू शकतो आणि ती वाढ जीवघेणी ठरू शकते. म्हणजे काही ठिकाणी आयव्हरमेक्टिनने माणसे वाचवलीही असतील, पण विषाणूपासून नव्हे, जंतापासून. हे गृहीतक आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. तरी एखादा निकाल खरा असूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो, हे त्यातून चांगले कळते.

आता हितसंबंधांकडे वळू. फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे गोव्यातील घोषणेच्या तीन महिने आधी, आयव्हरमेक्टिन बनवणाऱ्या मर्क या कंपनीने स्वतःच जाहीर केले होते की हे औषध कोविडवर चालते असे मानण्यास चाचणीपूर्व अभ्यासांत शास्त्रीय आधार सापडत नाही. आपलेच औषध नको म्हणणारी कंपनी विरळाच. परंतु टीकाकारांनी लगेच दाखवून दिले की आयव्हरमेक्टिनचे पेटंट केव्हाच संपले आहे आणि हीच कंपनी मोल्नुपिराविर हे कोविडवरचे नवे, महाग औषध विकसित करत आहे. टीकाकारांचा आक्षेप अगदी रास्त होता, आणि कंपनीचे विधानही बरोबर होते. हितसंबंध असणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. हितसंबंध जाहीर झाल्यामुळे वाचकाला इतकेच कळते की या ठिकाणी जास्त बारकाईने पाहायला हवे आणि ज्यांचा त्या औषधात काही वाटा नाही अशा संशोधकांची चाचणी शोधायला हवी.

परजीवीशास्त्रात हे प्रकटीकरण हृदयरोग किंवा मधुमेह यांच्या संशोधनापेक्षा अधिक गुंतागुंतीचे असते. येथे अनेकदा औषध निरोगी माणसांनाही दिले जाते, तेही सरसकट. राष्ट्रीय जंतनाशक दिनी गोव्यातल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती कोणाच्या पोटात जंत आहेत आणि कोणाच्या नाहीत हे न तपासता. हत्तीरोगाच्या मोहिमांसाठी हेच औषध त्याची उत्पादक कंपनी जागतिक आरोग्य संघटनेला १९९८ पासून दान देत आली आहे. या दानाने कोट्यवधी लोकांचे भले झाले आहे, हे निर्विवाद. पण दान देणारा, मोहीम चालवणारा, तिचा परिणाम मोजणारा आणि निबंधाचे समीक्षण करणारा ही सारी माणसे एका लहानशा वर्तुळातली असतात, आणि ‘आम्हाला कोणाकडून मानधन मिळालेले नाही’ या एका ओळीत ते वर्तुळ दिसत नाही. एखाद्या संशोधकाची वीस वर्षांची कारकीर्द एकाच मोहिमेवर उभी असेल, तर तीही हितसंबंधच आहे. माझ्या मते पैशापेक्षा तीच बाब जास्त तपासण्यासारखी असते, परंतु निबंध देताना लेखकांनी हितसंबंध कळवण्यासाठी भरायच्या बहुतेक प्रपत्रांत तिच्यासाठी स्वतंत्र रकाना नसतो.

जंतनाशक गोळ्यांवरच्या संशोधनाने शुद्धीकरणाचे एक चांगले उदाहरणही दिले आहे. केनियातील ७५ शाळांवर आधारलेला मिगेल व क्रेमर यांचा २००४ चा निबंध जगभर गाजला. गोळ्या घेतलेल्या मुलांचीच नव्हे, तर आसपासच्या शाळांतील मुलांचीही हजेरी सुधारते, असे त्यात म्हटले होते. लेखकांनी मूळ आकडेवारी दुसऱ्या संशोधकांच्या हाती दिली. २०१५ मध्ये फेरतपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा संगणकीय गणनेतील चुका उघड झाल्या, आणि ३ ते ६ किलोमीटर अंतरावरच्या शाळांना होणारा लाभ त्या दुरुस्तीत टिकला नाही. लेखकांनी चुका मान्य केल्या. मूळ निष्कर्षाचा गाभा मात्र कायम आहे, असे त्यांचे म्हणणे राहिले. त्यावर झालेली वादावादी कडवट होती. तरीही आकडेवारी कपाटात ठेवली असती तर यातले काहीच कळले नसते. याउलट उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर जंतनाशक आणि अ जीवनसत्त्व यांची जी प्रचंड चाचणी झाली, तिचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला ती संपल्यावर अनेक वर्षे लागली. ते २०१३ मध्ये छापून आले, आणि अपेक्षित लाभ फारच थोडा दिसला. अशा विलंबाची नोंद कोणत्याही शुद्धिपत्रात होत नाही.

शुद्धिपत्राची रूढी नव्हती तेव्हा काय होत असे, हे मलेरियाच्या इतिहासात दिसते. डासाने सोडलेला परजीवी थेट तांबड्या पेशीत शिरताना आपण पाहिला, असे फ्रिट्झ शाउडिन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिले. त्याचा दबदबा मोठा होता. पुढे सिफिलिसचा जंतू शोधणाऱ्यांतही तो होता. डास चावल्यानंतर कित्येक दिवस रक्तात परजीवी सापडत नाही, ही विसंगती सर्वांना ठाऊक असूनही त्याचे निरीक्षण पाठ्यपुस्तकांत दशकानुदशके टिकून राहिले. मधल्या दिवसांत परजीवी यकृतात वाढतो, हे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी माकडांवरील प्रयोगांतून १९४८ मध्ये दाखवले. व्हायव्हॅक्स मलेरियाच्या रुग्णाला ताप उतरल्यावरही चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यायला सांगतात, ते यकृतात दडून बसणाऱ्या याच परजीवीसाठी. १९२६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळालेले फिबिगर यांचे संशोधनही असेच. उंदरांच्या जठरातील गाठी कृमीमुळे होणारा कर्करोग आहेत, हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, आणि जीवनसत्त्वाच्या अभावाचा त्यात मोठा हात असल्याचे दिसले.

आज नियतकालिकांकडे चुकीला खूण करण्याच्या तीन-चार पायऱ्या आहेत. आकडा, नाव किंवा तक्ता चुकला आणि निष्कर्ष अबाधित राहिला, तर शुद्धिपत्र निघते. चौकशी चालू असेल तर संपादक शंकेची सूचना छापतात. निष्कर्षावरच विसंबता येत नसेल तर निबंध मागे घेतला जातो, मग कारण लबाडी असो वा प्रामाणिक चूक. हितसंबंधांचे निवेदन अपुरे होते असे नंतर उघड झाले, तर केवळ तेवढ्यासाठीही शुद्धिपत्र छापले जाते : अमुक लेखक अमुक कंपनीचा सल्लागार होता, किंवा चाचणी केलेल्या अळीनाशकाच्या पेटंटमध्ये त्याचा वाटा होता. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे प्रपत्र लेखकाला मागील ३६ महिन्यांतील असे संबंध विचारते, आणि प्रस्तुत कामाला मिळालेल्या मदतीसाठी तर कालमर्यादाच नसते.

गोव्यात या तपशिलाला प्रत्यक्ष महत्त्व आहे, कारण येथे बांधकामांच्या टाक्यांत वाढणाऱ्या ॲनोफिलिस स्टीफेन्साय या डासाविरुद्ध क्षेत्रीय चाचण्यांची जुनी परंपरा आहे. कांदोळीत १९९० च्या दशकात जैविक अळीनाशक आणि डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे यांची एकत्र परीक्षा झाली होती. अशा कोणत्याही चाचणीत उत्पादन उत्पादकाकडूनच घ्यावे लागते, त्यात वावगे काही नाही. मात्र ते फुकट मिळाले की विकत घेतले, चाचणीचा आराखडा कोणी ठरवला आणि निष्कर्ष छापण्यापूर्वी उत्पादकाने मसुदा वाचला का, हे निबंधात लिहिलेले असायला हवे. पुढच्या वर्षी कोणते अळीनाशक किती खरेदी करायचे, हे ठरवणारा अधिकारी तोच निबंध पुढ्यात ठेवून बसतो.

मागे घेतल्याचा शिक्का नियतकालिकाच्या संकेतस्थळावरील प्रतीवर उमटतो आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीतील नोंदीतही दिसतो. संगणकावर आधी उतरवून ठेवलेली प्रत मात्र जशीच्या तशी राहते, आणि म्हणून मागे घेतलेल्या निबंधांचे संदर्भ पुढे अनेक वर्षे दिले जात राहतात. इजिप्तचा तो मसुदा ज्यांनी २०२१ च्या पूर्वार्धात उतरवून घेतला, त्यांच्या प्रतीत प्रत्येक तक्ता अजूनही तितकाच नीटनेटका आहे.