केशवराव भोसले नाट्यगृह (पॅलेस थिएटर), कोल्हापूर

कोल्हापुरातलं शंभरी ओलांडलेलं नाट्यगृह, मूळ नाव पॅलेस थिएटर. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं, 1913 ला काम सुरू झालं आणि 1915 ला पूर्ण झालं. महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले होते, तेव्हा युरोपातली थिएटरं आणि रोममधलं प्राचीन क्रीडागार बघून आले, आणि परत आल्यावर कोल्हापुरात या दोन्ही गोष्टी एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या: कुस्तीसाठी खासबाग मैदान (1912) आणि नाटकासाठी पॅलेस थिएटर. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला लाल माती, शड्डू आणि हलगी, दुसऱ्या बाजूला ऑर्गन, तबला आणि नांदी. पैलवान आणि नट दोघांनाही दरबारचा आश्रय होता, त्यामुळे ही जोडी कोल्हापूरकरांना कधी विचित्र वाटलीच नाही.

तो जमाना संगीत नाटकाचा, माईक नव्हते. नटाला बोलायचं पण आणि गायचं पण शेवटच्या रांगेपर्यंत, साथीदार रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसायचे आणि पद रंगलं की प्रेक्षक वन्समोअर घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत, त्यामुळे प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे. साहजिकच अशा थिएटरची खरी परीक्षा आवाजाची. मध्ये खांब नाहीत, उंच छत, भरपूर लाकूडकाम. रंगवलेले पडदे हा तर तेव्हाच्या कंपन्यांचा अभिमान, आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर असे पडदे रंगवता रंगवताच पुढे सिनेमात गेले.

1957 मध्ये नाट्यगृहाला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म 9 ऑगस्ट 1890. लहान वयातच ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले, आणि 1908 ला हुबळीत स्वतःची ललितकलादर्श नाटक मंडळी काढली तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर, मराठी नाटकवाले अजून तो प्रयोग काढून बोलतात. त्यानंतर तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले, वय फक्त 31.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृहाला भीषण आग लागली. रंगमंच, छत, खुर्च्या, सगळं जळालं, खासबागेच्या बाजूचं व्यासपीठही सुटलं नाही. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. जुन्या थिएटरांच्या बाबतीत हे जगभर झालंय: पूर्वी मेणबत्त्या आणि गॅसचे दिवे, नंतर जुनाट वायरिंग, आणि त्यात लाकूड, कापडी पडदे, वर दोरखंड, ठिणगीला आणखी काय पाहिजे. व्हेनिसचं ला फेनिचे 1836 मध्ये जळालं आणि 1996 मध्ये परत जळालं, बार्सिलोनाचं लिसेउ 1994 मध्ये. दोन्ही पुन्हा बांधली. फेनिचेच्या वेळी व्हेनिसकरांची घोषणा होती ‘जसं होतं तसं, जिथे होतं तिथे’, आणि कोल्हापुरातल्या कलाकारांनी दुसऱ्या दिवसापासून तीच मागणी धरली, फक्त कोल्हापुरी भाषेत.

पण ‘जसं होतं तसं’ म्हणणं सोपं आहे. फेनिचे परत सुरू व्हायला 2003 साल उजाडलं. अग्निरोधक पडदे, नवं वायरिंग, बाहेर पडायला पुरेशा वाटा, हे आता हवंच, त्यात तडजोड नको. अडचण आहे ती आवाजाची, कारण भिंती तशाच ठेवल्या तरी आतलं लाकूड आणि छताचा आकार बदलला की घुमण्यात फरक पडतो, आणि तो नकाशावर दिसत नाही, कुणीतरी रंगमंचावर उभं राहून बिनमाईकचं नाट्यपद म्हणेल तेव्हाच कळतो.