गावरान भोपळा की स्पर्धेचा? देठ बघा

सातारा-सांगलीकडे कुणाच्या परसात वीस-पंचवीस किलोचा लाल भोपळा निघाला की चार जण सांगतातच, ‘याचंच बी धरा, खत वाढवा, परदेशातल्यासारखा हजार किलोचा होईल.’ तो होणार नाही. खत कितीही घाला, मुळात प्रजातीच वेगळी आहे.

आपला गावरान म्हणजे बहुतेक वेळा कुकुर्बिटा मॉस्काटा. परदेशात सर्वांत वजनदार भोपळ्याच्या स्पर्धा होतात, त्यातला कुकुर्बिटा मॅक्झिमा, त्यातही ‘अटलांटिक जायंट’ हा वाण. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून तो घडवला. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या स्पर्धेत असा एक भोपळा सुमारे १,२४७ किलो भरला.

ओळखताना रंगावर जाऊ नका, देठ हातात घ्या. गावरान देठ कडक, पाच धारांचा आणि फळाला टेकतो तिथे पसरट. मॅक्झिमाचा देठ जाड, गोल, बुचासारखा मऊसर. पानही बघा: गावरान पानावर शिरांच्या बेचक्यात बहुधा पांढुरके ठिपके असतात, मॅक्झिमाचं पान सलग हिरवं. मात्र मॅक्झिमा म्हणजे राक्षसीच असंही नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का सूर्यमुखी’ मॅक्झिमाच आहे, फळ मात्र एक-दीड किलोचं.

गावरान वेल बांधावर सोडला तरी ऊन सोसतो, चार फळं देतो. स्पर्धेच्या वेलावर एकच फळ राखतात. पेरांवर माती चढवली की तिथेही मुळ्या फुटतात. फळावर सावली धरावी लागते, नाहीतर साल लवकर निबर होते. भर वाढीत ते दिवसाला पंधरा-वीस किलोही चढतं. अशा वेळी पाणी एकदम जास्त झालं की तडकतं, आणि आरपार तडकलेलं फळ स्पर्धेतून बाद. मिरज-तासगावच्या एप्रिलच्या झळा त्याला मानवायच्या नाहीत. हौस असेल तर पाऊस ओसरल्यावर वाई-पाचगणीकडे करून बघावं, असं माझं मत.

घारग्यांना मात्र गावरानच हवा. जायंटचा गर पाणचट आणि धाग्यांचा.

बी धरतानाही काळजी घ्या. मधमाशी एकाच प्रजातीतल्या दोन वाणांचा सहज संकर करते. म्हणून आदल्या संध्याकाळी नर आणि मादी कळ्या बांधून ठेवायच्या, पहाटे फुलल्या की हातानेच पराग लावायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं.